टायरचं पण लिहा की

संपादक साहेब, नमस्कार. छोट्या ट्रॅक्टरवरचा तुमचा लेख वाचला, एचपी, डिझेल सगळं आलं पण टायरबद्दल एक ओळ नाही. चिखलात नांगरायचं तर उंच लगवाला (लग म्हणजे टायरवरचे जाड रबरी दात) आर-१ प्रकारचा टायर पाहिजे, पण तोच लॉनवर नेला की वळताना गवत मुळासकट उपटतो, तिथे रुंद, उथळ नक्षीचा आर-३ बरा. लोडरच्या (पुढच्या बकेटने माती-माल उचलायच्या) कामाला आर-४, त्याची साइडवॉल म्हणजे टायरची बाजू दणकट असते. आणि फोर व्हील ड्राइव्ह असेल तर नुसते मागचेच टायर वेगळ्या मापाचे टाकू नका, पुढच्या-मागच्या चाकांच्या फिरण्याचा मेळ गिअरमध्ये ठरलेला असतो. मी टाकले होते, पुढच्या टायरचे लग घासून सपाट झाले अन् मी आपला हवाच चेक करत बसलो.

– एक ट्रॅक्टरवाला वाचक