आईच्या प्रश्नाचं उत्तर

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, रविवारी फोनवर तू विचारलंस, "एवढं सगळं त्या खड्यातल्या भेसळीमुळे बिघडतं म्हणतेस, तर चोखच का करून घेत नाहीस?" घाईत मी काहीतरी बोलून गेले. पण माझं सगळं संशोधन याच प्रश्नाभोवती आहे, म्हणून नीट लिहिते.

चोख केला, तर तो अतिसंवाहकच, म्हणजे थंडीत विजेला जराही न अडवणारा पदार्थच, राहत नाही! लँथॅनम, तांबं आणि ऑक्सिजन यांचा शुद्ध स्फटिक घेतला तर तो विजेला वाटच देत नाही. त्यातले लँथॅनमचे काही अणू काढून बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम घातलं, की तांब्या-ऑक्सिजनच्या थरांत विद्युतभार मोकळा होतो आणि पुरेशा थंडीत वीज काहीही रोध न होता वाहते. 1986 साली झुरिकला बेडनोर्झ आणि म्युलर या भौतिकशास्त्रज्ञांना हेच सापडलं, आणि पुढच्याच वर्षी नोबेल मिळालं. पण घातलेले अणू रांगेत बसत नाहीत, मिळेल तिथे बसतात. म्हणजे जो बदल अतिसंवाहकता देतो, तोच विस्कळीतपणाही आणतो. एकाच खड्यात दोन-तीन नॅनोमीटरवर, रोधाशिवाय वीज वाहून नेणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या जोड्यांची बांधणी कुठे घट्ट, कुठे सैल दिसते.

बाबा, आता तुमच्यासाठी. साध्या अतिसंवाहकांत, अॅल्युमिनियमसारख्या, चुंबकीय नसलेली भेसळ जोड्यांना फारसा धक्का लावत नाही. भौतिकशास्त्रज्ञ अँडरसन यांनी 1959 मध्येच ते दाखवलं होतं. तांब्याच्या या कुळात मात्र तांब्याच्या जागी जस्त घातलं, शंभर अणूंत जेमतेम तीन, तर स्ट्रॉन्शियमवाल्या पदार्थातली अतिसंवाहकता पार जाते. जस्त तर चुंबकीयही नाही! कारण असं, की इथल्या जोडीच्या लहरीचं चिन्ह दिशेप्रमाणे बदलतं: एका दिशेला अधिक, तिच्या काटकोनात उणे. भेसळीच्या अणूवर आपटून इलेक्ट्रॉनची दिशा बदलली की अधिक-उणे एकमेकांना खोडतात आणि जोडी तुटते. शिवाय जस्ताने तांब्याचा एक चुंबकीय अणू जागेवरून हटवलेला असतो, त्यामुळे शेजारच्या तांब्यांची घडीही मोडते. त्याच जागी निकेल घातलं, तर ते स्वतः चुंबकीय असूनही त्रास कमी देतं. इतके उलटे निकाल मला दुसरीकडे कुठे भेटले नाहीत, आणि म्हणूनच मी हा विषय सोडत नाही.

थरांच्या बाहेर, दूरवर बसलेला वेडावाकडा अणू सहसा एवढं नुकसान करत नाही. म्हणजे भेसळ किती, यापेक्षा ती कुठे बसली आहे, हे आधी विचारायला हवं. आमच्या गटात रोज वाद होतो तो यावरच.

आणि काही विस्कळीतपणा तर आम्ही मुद्दाम घालतो. चुंबकाजवळ नेल्यावर या पदार्थात चुंबकीय क्षेत्र बारीक भोवऱ्यांसारखं शिरतं. वीज सोडली की हे भोवरे सरकतात, आणि सरकले की ऊर्जा वाया जाते. माहुलीला संगमावर पाण्यातल्या खडकाआड भोवरा एकाच जागी फिरत राहतो ना, तसं त्यांना अडवून ठेवायला काहीतरी लागतं. म्हणून मोठ्या चुंबकांसाठी लागणाऱ्या अतिसंवाहक फितीत बेरियम झिर्कोनेटचे काही नॅनोमीटर जाडीचे खांब उभे करतात. अगदी निर्दोष स्फटिक तिथे कमी पडतो. मला हे फार सुंदर वाटतं, आणि तुम्हाला ते डोळ्यांनी दिसावं असंही वाटतं.

म्हणून बाबा, एक काम. दिवाळीत येताना मी तांब्याच्याच कुळातल्या इट्रियमवाल्या पदार्थाची एक चकती आणि छोटा चुंबक आणते. तो पदार्थ उणे 180 अंश सेल्सिअसच्या आसपास अतिसंवाहक होतो, आणि द्रव नायट्रोजन उणे 196 ला उकळतो, म्हणजे तेवढा पुरे. आपल्या जनावरांच्या दवाखान्यात रेतमात्रा ठेवायला तोच वापरतात. डॉक्टरांना विचाराल का, दोनेक लिटर देता येईल का म्हणून? चकतीवर चुंबक अधांतरी थांबेल, बोटाने ढकलला तरी पुन्हा जागेवर येईल. त्याला तिथे धरून ठेवतात ते अडकलेले भोवरेच. शाळेतल्या मुलांनाही बोलवा, फक्त हातमोजे आणि चष्मे मी आणेपर्यंत कुणाला जवळ जाऊ देऊ नका.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर फोनवर सांग, इथून घेऊन येते.

तुमची,
मुक्ता