सॅमनच्या पिल्लांच्या पोटातला टॅग

संपादक महोदय,

२०२२ मध्ये कोकणात कासवांना सॅटेलाइट टॅग लावले तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आईचा पहिला प्रश्न, अगं पण त्या बिचारीला ओझं होत नसेल का ते? कासव निदान मोठं तरी असतं. मी राहते अमेरिकेत पोर्टलंडला, इथे कोलंबिया नदीत सॅमन माशाच्या बोटभर पिल्लांच्या पोटात टॅग घालतात, आईचा प्रश्न खरा लागू पडतो तो इथे.

साधा पिट टॅग १२ मिलीमीटरचा, ०.१ ग्रॅमच्या आसपास, बॅटरी नाही, सुईने टोचतात आणि धरणातल्या अँटेनाजवळून पिल्लू गेलं की नंबर वाचला जातो, त्याचं फारसं काही नाही. पण आवाजाचे सिग्नल देणाऱ्या टॅगमध्ये बॅटरी असते म्हणून तो जड, आणि तो घालायला वर्षानुवर्षं भूल द्यायची, पोटाला चीर द्यायची, वर टाके. एवढं झाल्यावर पिल्लू काही दिवस धड खात नाही, पोटातली जागा अडलेली, त्यात वजन पेलून तरंगायला हवेची पिशवी जास्त फुगवायला लागते, मग वाढणार कधी? टँकमधल्या प्रयोगांत बऱ्याचदा दिसलंय की सुरुवातीला वाढ मागे पडते, मोठी पिल्लं नंतर भरून काढतात, लहानांना जड जातं. शिवाय धरणाच्या टर्बाइनमधून जाताना दाब एकदम उतरतो, तेव्हा टॅगवाल्यांना इजा व्हायचा धोका जास्त.

जुना ठोकताळा असा की टॅग माशाच्या वजनाच्या २ टक्क्यांवर नको, म्हणजे १० ग्रॅमच्या पिल्लाला ०.२ ग्रॅम. काही प्रयोगांत मासे याहून जास्त ओझं घेऊनही नीट पोहलेत, त्यामुळे हा आकडा काही काळ्या दगडावरची रेघ नाही. आता साधारण ०.२२ ग्रॅमचा, इंजेक्शनने टोचायचा सिग्नलवाला टॅगही आलाय, टाक्यांची भानगड नाही.

माझा मुद्दा टॅग बंद करा असा अजिबात नाही, त्यांच्याशिवाय धरणांपाशी किती पिल्लं मरतात ते कळलंच नसतं. पण टॅग झेपावा म्हणून मोठी पिल्लं निवडायची आणि मग "एवढे टक्के वाचली" हा आकडा सगळ्यांना लावायचा, हे कसं चालेल? सगळ्यात बारकी पिल्लं तर त्या हिशेबात आलीच नाहीत ना! तेव्हा अशी बातमी छापाल तेव्हा टॅग किती ग्रॅमचा होता आणि सगळ्यात लहान पिल्लू किती ग्रॅमचं होतं, एवढं विचारून छापा.

– एक वाचक, पोर्टलंड