धुरळ्यातला लाईट अन् ताऱ्याचं अंतर

प्रिय मित्रा,

परवा तू फोनवर विचारलं ना, का स्फोट झालेला तारा अंधुक दिसतो म्हणजे तो दूरच आहे कशावरून, मधात धूळ असली तर? तेवढ्यात रेंज गेली अन् उत्तर राहून गेलं, तवापासून तेच डोक्यात आहे.

मागच्या आठवड्यात आमच्या वावरात तुरीचं थ्रेशर लागलं होतं. दिवस मावळला तरी गंज सरेना, कुटार उडून नुसता धुरळा. मी धुऱ्यावर पोती शिवत होतो, तिकडून ट्रॅक्टरचा लाईट दिसला, तांबूस अन् मिणमिणता, मला वाटलं नाल्यापलीकडं असंल, अन् बघता बघता चाक माझ्या पोत्याला घासून गेलं! लाईट पांढराच होता रे, धुरळ्यानं त्यातला निळा उजेड जास्त खाल्ला, म्हणून लाल अन् दूरचा वाटला.

सुपरनोव्हाचं, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याचं, अगदी हेच. सप्तर्षीच्या बाजूला दोन दीर्घिका आहेत, एम १०१ साधारण २ कोटी १० लाख प्रकाशवर्षांवर अन् एम ८२ साधारण १ कोटी २० लाखांवर. पहिलीत २०११ ला अन् दुसरीत २०१४ ला, दोन्हीत टाईप वन-ए चाच स्फोट झाला, म्हणजे मूळ उजेड जवळपास सारखा. जवळचा जास्त तेजस्वी दिसायला पाहिजे ना? तेज प्रतीत मोजतात, आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक. पण दूरचा दहाव्या प्रतीपर्यंत गेला अन् जवळचा साडेदहाच्या आसपासच थांबला, कारण एम ८२ च्या धुळीनं त्याचा जवळपास दोन प्रती उजेड खाल्ला. धूळ धरलीच नाही तर अंतर खऱ्याच्या दुपटीहून जास्त निघते.

मग रंग मोजायचा. निळ्यातून किती गेलं, पिवळ्यातून किती, त्या फरकाला आपल्या आकाशगंगेत साधारण ३.१ नं गुणलं का एकूण किती उजेड गेला ते कळते. पण एम ८२ मध्ये तो आकडा निम्म्याहूनही कमी निघाला. म्हणजे धुळीधुळीत फरक आहे, अन् मला खरी अवघड गोष्ट हीच वाटते.

आता तू म्हणशील, दूरचा उजेड तर विश्व पसरते म्हणूनही लाल होते, मग लाली कोणाची? तर धूळ नुसता उजेड खाते, वर्णपटातल्या, म्हणजे उजेडाच्या रंगपट्ट्यातल्या, रेषा जागच्या हलवत नाही. विश्वाच्या पसरण्यानं येणाऱ्या लालीनं, म्हणजे रेडशिफ्टनं, मात्र सगळ्याच रेषा लालकडं सरकतात, सिलिकॉनची ठळक रेषा पाहिली का लगेच समजते. रेडशिफ्ट ०.५ असलं तर ४४० नॅनोमीटरचा निळा उजेड ६६० चा लाल होऊन येते, म्हणून निळा फिल्टर लावून भागत नाही, तिथं लाल फिल्टरातून मोजून हिशोब जुळवावा लागते, त्याले के-करेक्शन म्हणतात. अन् त्याच पसरण्यानं वेळही दीडपट ताणल्यासारखा दिसते, स्फोटाचा उजेड २० दिवसांत उतरला तर आपल्याला ३० दिवस लागलेले दिसतात. हे फार महत्त्वाचं आहे बरं, कारण मार्क फिलिप्स नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं १९९३ ला दाखवलं का हळू उतरणारा स्फोट मुळातच जास्त तेजस्वी असते, मग दीडनं भागायचं विसरलं का साध्या स्फोटालेच तेजस्वी धरून बसतो.

१९९८ ला दूरचे स्फोट अपेक्षेपेक्षा अंधुक, म्हणजे जास्त दूर निघाले, अन् त्यावरून विश्व वाढत्या वेगानं पसरते असं दिसलं, तेव्हा तुझीच शंका लोकांनी घेतली होती, का सगळे रंग सारखेच खाणारी करडी धूळ असंल. ती असती तर जितकं दूर तितकं आणखी अंधुक होत गेलं असतं, पण १९९७ एफएफ नावाचा फारच दूरचा स्फोट त्या हिशोबापेक्षा उजळ निघाला. विश्वाचं पसरणं वाढत चाललंय हे त्यातूनच पक्कं होत गेलं, अन् २०११ चं नोबेल त्याच कामाले मिळालं.

मार्चात हरभरा निघाला का ये. रात्री उत्तरेला सप्तर्षी चांगले वर असतात, दुर्बीण मी पुसून ठेवतो, एम ८२ कुठं आहे ते दाखवतो तुले.

तुझाच