बिल्बोला कुठली मराठी द्यायची?

बेळगाव,
आषाढातला रविवार, रात्र

प्रिय दोस्ता,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लागला, रागावू नकोस. तू लिहिलंस की टोल्किनची 'द हॉबिट' ही कादंबरी पुन्हा वाचलीस आणि या खेपेला पात्रं साचेबंद वाटली. नको नको म्हणत घराबाहेर पडणारा नायक बिल्बो, काठीवाला म्हातारा जादूगार गँडाल्फ, सोन्यावर वेटोळं घालून बसलेला ड्रॅगन स्मॉग, मानी राजा थोरिन. साचे आहेतच. व्लादिमिर प्रॉपनं १९२८ साली रशियन परीकथा पिंजून सात तऱ्हेची पात्रं दाखवून दिली, त्यातली बरीचशी इथं सापडतील. पण गेले चार रविवार मी हे पुस्तक खानापुरात अक्काच्या पोरांना तोंडी मराठीत सांगतोय. पावसानं लाईट गेलेली असते, शेजारचा कानडी पोरगाही येऊन बसतो. आणि सांगायला बसलं की पहिल्याच पानावर अडायला होतं: हा माणूस बोलेल कसा?

टोल्किन ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक होता. परीक्षेचे पेपर तपासताना एका कोऱ्या पानावर त्यानं पहिलं वाक्य लिहिलं आणि २१ सप्टेंबर १९३७ला पुस्तक बाहेर आलं. त्याच्याकडं शब्द आधी येतो आणि माणूस मागून. बिल्बोला घराबाहेर काढणाऱ्या तेरा बुटक्यांची, म्हणजे थोरिन आणि त्याच्या सोबत्यांची, नावं त्यानं जवळपास सगळी एका जुन्या नॉर्स कवितेतल्या नामावळीतून उचलली. गँडाल्फ हे नावही त्याच यादीतलं, तिथं तो बुटकाच आहे. नावाचा अर्थ साधारण काठीवाला यक्ष. काठी असलेल्या म्हाताऱ्याला ते नाव नेमकं बसलं, असं मला वाटतं. (बुटक्यांना काय म्हणायचं यावर मी दोन दिवस घालवले. 'ठेंगू' म्हटलं की थोरिनचा मान जातो. पोरांनी परस्पर 'गिड्डे' करून टाकलं, आता तेच चालू आहे.)

थोरिनचं सोपं होतं. ड्रॅगनकडचं सोनं परत आणायला बिल्बोला चोर म्हणून नेताना तो जे कराराचं पत्र ठेवून जातो ना, नफा झाल्यास जास्तीत जास्त चौदावा हिस्सा, प्रवासखर्च आमच्याकडं, आणि प्रसंग आल्यास अंत्यविधीचाही खर्च आमच्याकडं, ते मी सरळ खरेदीखताच्या मराठीत वाचून दाखवलं. 'सदरहू इसम', 'उभयपक्षी मान्य'. दाजी भाताचा व्यापार करतात, ते पेपर बाजूला ठेवून ऐकायला लागले. राज्य गेलेला राजा आहे तो. हातात काही उरलेलं नाही, भाषा तेवढी उरली आहे.

खरा पेच पडला तो तीन राक्षसांपाशी. बर्ट, टॉम आणि विल्यम. मूळ पुस्तकात ते लंडनच्या कष्टकरी वस्तीतली बोली बोलतात, शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' गिळून. मराठीत आणणारा कुणीही इथं पटकन गावरान बोली लावेल. माझ्याही तोंडावर आलं होतं, "कोन हाय रं त्यो?" आणि मी थांबलो. समोर बसलेली अक्काची पोरं घरी असंच बोलतात. मला आपलं कॉलेजचं पहिलं वर्ष आठवलं. मी वर्गात उभा राहून "सर, लिहूलालोय" म्हणालो आणि सगळा वर्ग हसला. तू शेजारी होतास, तू हसला नाहीस. त्यानंतर वर्षभर मी बोलायच्या आधी मनात वाक्य धुऊन घ्यायचो. या पोरांना पहिल्याच गोष्टीत मी काय सांगणार होतो, की तुमची भाषा ती मठ्ठ राक्षसांची?

म्हणून मी उलट केलं. राक्षसांना नुसता घोगरा आवाज दिला, आणि आपली बोली दिली बिल्बोला. दार उघडून तो म्हणतो, "या की, बसा वाईच, चा ठेवूलालोय." पोरं एकमेकांकडं बघून हसली. हसू ओळखीचं होतं, त्यात टिंगल नव्हती. भाची म्हणाली, "मामा, हा तर आपल्या गावचा." तेरा पाहुणे एकदम आल्यावर तिचा पुढचा प्रश्न होता, "एवढ्या भाकऱ्या थापल्या कुणी?"

दुसरा प्रश्न अवघड होता. "यात मुली कुठं आहेत?" नाहीत. खरंच नाहीत, आणि ही उणीव आहे, मी तिला तसंच सांगितलं. पण एक बाई नावानं येते, बिल्बोची आई, बेलाडोना टूक. वडिलांकडचं बॅगिन्स घराणं खाऊनपिऊन सुखी, उंबऱ्याबाहेर न जाणारं. साहसाची ओढ येते ती टूकांकडून. आपल्याकडं त्याला एकच शब्द आहे: आजोळ. "आजोळचं रक्त उसळलं" म्हटल्यावर पोरांना पुढं काही समजावून सांगावं लागलं नाही.

अंधाऱ्या गुहेत बिल्बोला भेटणाऱ्या गोल्लमच्या वेळी मराठीनंच मदत केली. तो बिल्बोला माणूस म्हणतच नाही, वस्तूसारखं बोलतो, आणि अनेकवचनाला आणखी एक अनेकवचन जोडतो. आपल्याकडं नपुंसकलिंग आहे! "ते काय आणलंय त्यानं खिशांखिशांत, माझ्या सोन्या?" कानडी पोरगा शहारला. 'अदु' म्हणजे जनावर किंवा वस्तू, हे त्याला घरूनच ठाऊक. मग कोडी सुरू झाली. बिल्बोनं अंड्याचं घातलं, ना बिजागरी, ना किल्ली, ना झाकण, आत मात्र सोनं. भाच्यानं लगेच उलट टाकलं, "इवलंसं कार्टं, घर कसं राखतं?" कुलूप. शेजारच्यानं कानडी ओगटू घातलं. अर्धा तास गोष्ट तिथंच थांबली, आणि मला वाटतं टोल्किनलाही ते आवडलं असतं. दहा वर्षांच्या रेनर अन्विननं या हस्तलिखितावर मत लिहून प्रकाशक वडिलांकडून एक शिलिंग मिळवला होता, म्हणजे या पुस्तकाचा पहिला परीक्षक पोरच.

आज स्मॉग झाला. त्याला मी स्वच्छ, छापील, गोड मराठी दिली. तो ओरडत नाही, आदबीनं विचारतो: चौदावा हिस्सा ठीक, पण एवढं सोनं न्यायचं कसं? गाडीभाडं? पहारेकरी? वाटेतली जकात? दाजी हळूच म्हणाले, "बरोबर बोलतोय की हा." तिथं मला ड्रॅगनची भीती वाटली. आग नंतर येते, आधी शंका पेरली जाते.

निघताना शेवटची बस गाठायची होती. मी दारातून "येतो" म्हणालो, शेजारचा पोरगा म्हणाला, "होगी बर्री मामा." जाऊन या. मी पायरीवरच थांबलो. या पुस्तकाचं उपशीर्षक काय आहे, आठव. तिकडं जाऊन परत येणं. ते मी महिनाभर मराठीत बसवत होतो आणि कानडीत, मराठीत, दोन्हीकडं आपण ते रोज उंबऱ्यावर म्हणतो. बिल्बो हा 'येतो' म्हणून निघालेला नायक आहे.

आता पुढच्या रविवारी थोरिन जाणार. मरताना त्याची खरेदीखताची भाषा गळून पडते. ज्याला भाड्यानं आणलेला चोर म्हणत आला, त्यालाच तो 'भल्या चोरा' म्हणून हाक मारतो, बोललेले शब्द मागे घेतो आणि निरोप घेतो. त्याला 'येतो' म्हणता येणार नाही. तुकोबांसारखं 'जातो' म्हणावं लागेल, आणि भाचीला तो एक शब्द ऐकताच सगळं कळेल. आवाज कसा लावू? तू कळव, शनिवारच्या आत.

तुझाच