पैठणची जमीन यंदा विकायची नाही

छत्रपती संभाजीनगर

प्रिय छकुली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू युरोपात गाड्यांच्या शर्यती खेळायला जायच्या खर्चासाठी जमिनीचा विषय काढलास आणि मी "बघू" म्हणून फोन ठेवला. असल्या गोष्टी फोनवर धड बोलता येत नाहीत, म्हणून लिहितेय. पैठणजवळची जमीन यंदा विकायची नाही. पप्पांशी आणि आजीशी बोलून ठरवलंय. आजी तर सही करायला तयार होती. "लेकराच्या कामी नाही आली तर काय करायची जमीन," असं म्हणाली. नको मीच म्हटलं.

कारण सांगते. युरोपात फॉर्म्युला फोरचा, म्हणजे फॉर्म्युला वनकडे जाणाऱ्या वाटेवरच्या पहिल्या पायरीचा, एक हंगाम कोटींच्या घरात जातो. जमिनीच्या पैशात तो एक हंगाम कसाबसा निघेल. पण तिथे पहिलं वर्ष नवे ट्रॅक, थंडीतले टायर आणि लहानपणापासून कार्टिंग करत आलेली पोरं समजून घेण्यातच जातं. काही हाती लागायचं ते दुसऱ्या वर्षी, आणि नेमकं तेव्हा आपल्याकडे ना पैसा असेल ना जमीन. त्याच्यापुढे फॉर्म्युला रीजनल, मग थ्री, मग टू. दर पायरीला खर्च वाढतच जातो. फॉर्म्युला वनमध्ये उतरायला जो परवाना लागतो, त्या सुपर लायसन्ससाठी तीन हंगामांत ४० गुण लागतात आणि फॉर्म्युला फोरचं अख्खं विजेतेपद मिळवलं तरी त्यातले १२च मिळतात. एवढ्या लांबच्या वाटेवर पहिल्याच मुक्कामाला सगळी शिदोरी संपवायची नाही.

तू म्हणालीस, वय निघून चाललंय. तुला एकोणिसावं लागलंय, तुझी घालमेल मला कळते. व्हर्स्टॅपेन २०१५ साली सतराव्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये उतरला, त्यानंतरच अठराची अट आली, हे मलाही माहीत आहे. पण आपल्याकडचे दोघं बघ. नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये जॉर्डन संघाच्या गाडीत बसला तेव्हा २८ वर्षांचा होता. करुण चंढोक २०१० मध्ये २६ वर्षांचा. दोघांनाही मधली कितीतरी वर्षं मिळेल त्या गाडीत बसून, प्रायोजक शोधत काढावी लागली. आता पोरं लवकर पोचतात हे खरं, पण म्हणून विसाव्या वर्षाच्या आत सगळं संपतं असं मी मानत नाही.

आणि तू जिथे आहेस ती जागा कमी समजू नकोस. ज्यांच्या नावाने कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे हा शर्यतीचा ट्रॅक आहे ते करिवर्धन तिथल्याच गिरणीवाल्या घरातले. त्यांनी मारुती ८०० चं इंजिन बसवून फॉर्म्युला मारुती गाडी बनवली, म्हणून परदेशी गाडी न परवडणाऱ्यांना सिंगल सीटर, म्हणजे एकाच माणसाची शर्यतीची गाडी, चालवता आली. नारायणने सुरुवातीला तीच गाडी चालवली. तू आता चालवतेस ती एलजीबी फोर, आपल्याकडची स्वस्तातली शर्यतीची गाडी, त्याच विचारातून आलेली आहे. तिला हवेच्या जोरावर गाडी रस्त्याला दाबून धरणारे पंख नाहीत, म्हणून पुढच्या गाडीच्या अगदी मागे चिकटून वळण घेता येतं. फॉर्म्युला फोरला पंख असतात. पुढच्या गाडीने ढवळलेल्या हवेत त्यांची पकड कमी होते आणि इतकं जवळ राहता येत नाही. ते पुढे शिकशीलच. पण चाकाला चाक लावून शर्यत खेळायचं शिक्षण जितकं तुला इथे मिळतंय तितकं दुसरीकडे सहज मिळणार नाही.

आता खरं बोलायचं ते. तू पाठवलेला गाडीचा डेटा, ब्रेक आणि थ्रॉटलचे आलेख, मी दोन रात्री बसून पाहिला. निकालात लोकांना सहावा नंबर दिसतो. मी वाळूजला दिवसभर मायक्रोमीटर घेऊन शतांश मिलिमीटर मोजते, माझी नजर आलेखाकडेच जाते. पात्रता फेरीत तुझा ब्रेक सुंदर आहे. एकदम घट्ट दाबलेला आणि मग वळणात शिरताना हळूहळू सोडत नेलेला, उतार कसा एकसारखा. शर्यतीत मात्र कुणी आत घुसतंय असं वाटलं की तोच ब्रेक तू झटकन सोडतेस. पुढच्या चाकांवरचा भार निघून जातो, नाक वळत नाही, गाडी बाहेर सरकते आणि थ्रॉटल द्यायला तुला थांबावं लागतं. वळणात गेलेला वेळ थोडाच आहे. पण बाहेर पडताना वेग कमी राहिला की त्याचा दंड अख्ख्या सरळ रस्त्यावर भरावा लागतो. तिथेच दोघं तुझ्या पुढे गेले. सरळ रस्त्यावर इंजिन कमी पडतं असं तुला वाटतंय ना, ते इंजिन नाही. पात्रता फेरीत तेच इंजिन त्याच रस्त्यावर बरोबरीने पळालंय. म्हणजे वेग तुझ्यात आहे आणि जे दुरुस्त करायचंय त्याला युरोप लागत नाही. हे बघून मला किती आनंद झाला ते पत्रात सांगता येत नाही.

मी भीतीपोटी अडवतेय असंही मनात आणू नकोस. भीती वाटते, आईला वाटणारच. २०२० मध्ये बहरीनला फॉर्म्युला वनचा ग्रोजां पेटत्या गाडीतून चालत बाहेर आला ते मी अनेकदा बघितलंय. डोक्याभोवतीची धातूची कमान, हॅलो, होता म्हणून त्याचं डोकं वाचलं. फॉर्म्युला फोरच्या गाडीला आता हॅलो असतो, आणि मला तू त्या गाडीत बसलेली हवी आहेस.

म्हणून असं ठरवलंय. यंदाचा एलजीबीचा हंगाम पूर्ण कर. इंजिनिअरिंगची फी मी भरलीये, परीक्षा सोडायची नाही. पुढच्या वर्षी भारतातली फॉर्म्युला फोर धरू. २०२३ पासून ती आपल्याकडे होते, नियम मोटर शर्यतींच्या जागतिक संस्थेचे, एफआयएचेच, आणि राहण्या-जाण्याचा खर्च रुपयांत. वाळूजच्या एका व्हेंडरने टायरचा भार उचलायचं कबूल केलंय. शेंद्र्याच्या दोघांनी तुझे निकाल मागितलेत, मी निकालासोबत डेटाही देणार आहे. तिथे जम बसला की एफ वन अकॅडमीचा, म्हणजे फक्त मुलींसाठीच्या शर्यतमालिकेचा, विचार करू. तिथेही फॉर्म्युला फोरचीच गाडी असते, आणि २०२४ ला जिंकल्यावर ॲबी पुलिंगला पुढे जीबी थ्रीची, म्हणजे ब्रिटनमधल्या वरच्या पायरीच्या मालिकेची, सीट मिळाली. लेला लोम्बार्डीने १९७५ मध्ये स्पेनच्या शर्यतीत अर्धा गुण मिळवला, त्यानंतर फॉर्म्युला वनमध्ये एकाही बाईला गुण नाही. इतकी वर्षं रिकामी गेलेली जागा आहे ती. तुझ्याकडे दोन चांगले हंगाम आणि हातात पुढच्या वर्षाचा करार असेल, त्या दिवशी जमिनीचं पुन्हा बोलू. तेव्हा मी आडवी येणार नाही.

मानेचे व्यायाम चुकवू नकोस. पुढच्या फेरीचा डेटा पाठवशील तेव्हा स्टीयरिंगचा आलेखही पाठव, मागच्या वेळी तो नव्हता. ब्रेक सोडल्यावर तू चाक किती जास्त वळवतेस ते त्यात नेमकं दिसेल. सरावात एक फेरी मुद्दाम कुणाला तरी शेजारी घेऊन मार, आणि ती फाईल वेगळी नाव देऊन ठेव.

तुझी,
आई