पुणे–नागपूर विमानप्रवासात संमतीविना उचलल्याबद्दल व झालेल्या दुखापतीबद्दल तक्रार (दुसरे पत्र)

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : स्वतःची व्हीलचेअर काढून घेणे, नकार देऊनही हातांनी उचलणे आणि त्यात झालेली इजा.

महोदय,

माझ्या पहिल्या तक्रारीला आपल्याकडून ‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असे एका ओळीचे उत्तर आणि एक हजार रुपयांचे कूपन आले. विमान दोन तास उशिरा सुटले तर गैरसोय होते. माझ्या बाबतीत घडले ते वेगळे आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे. प्रवासाची तारीख व पीएनआर क्रमांक सोबतच्या तिकिटाच्या प्रतीवर आहेत.

अकरा वर्षांपूर्वीच्या अपघातात माझ्या मणक्याला इजा झाली आणि तेव्हापासून कमरेखाली मला संवेदना नाही. मी बँकेत अधिकारी आहे, पुण्यात एकटी राहते, हातांनी चालवायची सोय करून घेतलेली गाडी रोज कामावर नेते. तिकीट काढतानाच, म्हणजे आपण मागता त्या ४८ तासांच्या कितीतरी आधी, मी डब्ल्यूसीएचसी या प्रकारात मदत नोंदवली होती. ज्या प्रवाशाला अजिबात चालता येत नाही आणि थेट आसनापर्यंत न्यावे लागते त्याच्यासाठी हा प्रकार असतो. तरीही काउंटरवरील कर्मचाऱ्याने माझ्या एकोणीस वर्षांच्या भाच्याला विचारले, “यांना दोन पावलं तरी टाकता येतात ना?” त्याने “मावशीलाच विचारा” असे सांगितले, पण पुढचे सगळे प्रश्न त्यालाच गेले. वाटेत काही झाल्यास कंपनी जबाबदार नाही, अशा हमीपत्रावर सही करायलाही त्यालाच सांगितले. ते हमीपत्र मी नाकारले, कारण ज्याला फक्त चढण्या-उतरण्यासाठी मदत हवी आहे अशा प्रवाशाकडून वैद्यकीय दाखला किंवा खास अर्ज मागू नये, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमात स्पष्ट लिहिले आहे.

त्यानंतर माझी स्वतःची खुर्ची सामानात घेण्यात आली. ती विमानाच्या दारापर्यंत न्यायची आहे, हे मी तीनदा सांगितले. प्रवाशाला स्वतःचीच खुर्ची वापरायची असल्यास, ती ठरवून दिलेल्या मापांत बसत असेल, तर परवानगी द्यावी, हेही त्याच नियमात आहे. माझ्या खुर्चीचे माप मात्र कोणी घेतलेच नाही. तिच्याऐवजी मिळालेल्या खुर्चीची चाके लहान होती, तिला हातांनी फिरवायची कडी नव्हती, म्हणजे कोणी ढकलल्याशिवाय ती हलणार नव्हती. मदतनीसाने मला गेटजवळ एका खांबाकडे तोंड करून ठेवले आणि तो निघून गेला. भाच्याला वेगळ्या रांगेत थांबवले होते. पन्नास मिनिटे मी तो खांब पाहत होते. कण्याची इजा असलेल्या माणसाला दाबामुळे जखमा होऊ नयेत म्हणून बसायला जेलची गादी लागते. तीही खुर्चीबरोबर सामानात गेली होती.

विमान दूरच्या जागी उभे होते आणि नोंदवलेली ॲम्ब्युलिफ्ट (खुर्चीसह प्रवाशाला विमानाच्या दारापर्यंत उचलणारी गाडी) ‘दुसऱ्या विमानाकडे’ गेली होती. मी थांबायला तयार होते. “मला उचलू नका” असे मी स्पष्ट म्हटले, त्यावर आपल्या पर्यवेक्षकाने भाच्याकडे पाहून “पाच मिनिटांचं काम आहे” असे सांगितले आणि दोघांनी, एकाने काखेत व दुसऱ्याने गुडघ्यांखाली धरून, मला जिन्यावरून नेले. खाली बसमधून उतरलेले प्रवासी उभे होते. एकाने मोबाइल वर धरला होता. एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले की अशांनी विमानाने कशाला यायचे, सगळ्यांचाच खोळंबा. एका बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवून “देव सगळं बघतो हो” असे म्हटले. त्या गृहस्थांना मी उत्तर देऊ शकले असते. त्या बाईंना काय उत्तर द्यावे, हे मला आजही सुचलेले नाही. दारात उभ्या असलेल्या आपल्या दोन्ही कर्मचारी हसतमुखाने ‘नमस्कार’ म्हणाल्या. चित्रीकरण थांबवायला कोणी सांगितले नाही.

नागपूरला घरी पोहोचल्यावर वहिनीने मोजा काढला तेव्हा तो रक्ताने घोट्याला चिकटलेला होता. पाय पायरीच्या पत्र्याला कुठे घासला, हे मला कळणे शक्यच नव्हते. ती जखम भरायला सात आठवडे लागले. डॉक्टरांची कागदपत्रे सोबत जोडली आहेत.

या गोष्टी आपल्या क्षेत्राला नव्या नाहीत. २०१२ मध्ये गोव्यातील परिषदेला निघालेल्या, सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष यांना कोलकात्यात विमानातून उतरवले गेले होते. त्यांना दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. दिव्यांग व्यक्तीला तिच्या संमतीशिवाय हातांनी उचलू नये, असे त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले. २०२२ मध्ये रांची विमानतळावर एका दिव्यांग मुलाला विमानात चढू दिले नाही, तेव्हा संबंधित कंपनीला पाच लाखांचा दंड झाला. त्या दिवशी सहप्रवासी, त्यांत काही डॉक्टरही होते, त्या कुटुंबाच्या बाजूने बोलले होते. माझ्या वाट्याला तसे सहप्रवासी आले नाहीत, याची तक्रार मी आपल्याकडे करत नाही. पण प्रवासी कसेही वागले तरी कर्मचाऱ्यांनी काय करायचे, हे त्यांना शिकवणे आपले काम आहे. आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते : मला ‘दिव्यांग’ म्हणा किंवा ‘अपंग’ म्हणा, माझे काही अडत नाही. फक्त जे म्हणायचे ते मला म्हणा, भाच्याला नव्हे.

नोंदवलेली ॲम्ब्युलिफ्ट कोणाच्या आदेशाने दुसरीकडे गेली आणि मी नकार दिल्यानंतरही उचलण्याचा निर्णय कोणी घेतला, याचे लेखी उत्तर मला तीस दिवसांत हवे आहे. उपचारांचा खर्च बिलांप्रमाणे मिळावा. कूपन परत पाठवत आहे. उत्तर न आल्यास हेच पत्र विमानप्रवाशांच्या तक्रारींसाठीच्या सरकारी एअरसेवा पोर्टलवर आणि मुख्य दिव्यांगजन आयुक्तांकडे जाईल.

पुढील महिन्यात याच मार्गावर, आपल्याच विमानाने, मी एकटी परत जाणार आहे, कारण मला सोयीच्या वेळेला दुसरे थेट विमान नाही. मी स्वतःची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत नेईन आणि मला ॲम्ब्युलिफ्ट लागेल. ४८ तासांची पूर्वसूचना म्हणून हे पत्रच ग्राह्य धरावे.

आपली,
सोबतच्या तिकिटावरील प्रवासी

सोबत : तिकिटाची प्रत, मदत नोंदवल्याचा संदेश, वैद्यकीय कागदपत्रे व बिले, न वापरलेले कूपन.