आवाज चढवण्याआधी श्वास शिकवा

संपादक महोदय,

नाटकाच्या तालमीत आणि शाळेच्या वर्गात एकच सूचना सतत कानी पडते : ‘आवाज मोठा काढा, मागच्यांना ऐकू येत नाही.’ ही सूचना मी २१ वर्षे वर्गात आणि त्याहून थोडी कमी वर्षे हौशी रंगभूमीवर निष्ठेने पाळली. परिणामी माझा घसा कायमचा जायची वेळ आली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सुरुवातीला फक्त संध्याकाळी घसा बसत असे. पुढे तो सकाळीही मोकळा होईना आणि वरच्या पट्टीत बोलताना शब्दाऐवजी नुसती हवाच बाहेर पडू लागली. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी बारीक कॅमेरा आत सोडून मला पडद्यावर दाखवले, तेव्हा दोन्ही स्वरतंतूंच्या कडेला, अगदी समोरासमोर, टाचणीच्या डोक्याएवढे दोन उंचवटे दिसले. स्त्रीच्या नेहमीच्या बोलण्यात हे तंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांना भिडतात, म्हणजे तासभराच्या सलग उच्चारात सात लाखांहून अधिक वेळा. घसा आवळून बोलले की त्यातला प्रत्येक आघात जड होतो. आवाजावरच ज्यांचे पोट आहे अशा माणसाला ही साधी गोष्ट कोणत्याही प्रशिक्षणात कुणी सांगितली नाही, हीच माझी तक्रार आहे.

शस्त्रक्रिया टळली ती वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंमुळे. त्यांनी पहिल्याच दिवशी पेलाभर पाणी आणि एक नळी समोर ठेवली. नळीचे टोक पाण्यात दोन बोटे बुडवायचे आणि तिच्यातून ‘ऊ’ असा सूर सोडायचा. बुडबुडे एकसारखे येत राहिले पाहिजेत, ते विस्कटले की श्वास डळमळला असे समजायचे. नळीमुळे तोंडाकडून हलका दाब उलट येतो आणि स्वरतंतू एकमेकांवर न आदळता अलगद कंप पावतात. पहिल्या आठवड्यात माझे बुडबुडे चौथ्या-पाचव्या सेकंदालाच विस्कटत. दर वाक्याआधी खाकरण्याची माझी सवय त्यांनी मोडली. घसा बसल्यावर जोर लावून कुजबुजणे म्हणजे घशाला विश्रांती नव्हे, हेही त्यांनीच पटवून दिले.

आपल्याकडे ‘कमावलेला आवाज’ हा शब्द आदराने वापरला जातो, पण कमवायचे नेमके काय, याचा विचार क्वचितच होतो. श्वास घेताना ज्याचे खांदे वर जातात, त्याचा दम वाक्याच्या मध्यावरच सरतो आणि उरलेले वाक्य तो घशाच्या जोरावर ओढून नेतो. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा, खाली सरकून खालच्या बरगड्या बाजूंना फुलाव्यात आणि बोलताना त्या एकदम मिटू नयेत, एवढे जरी साधले तरी शब्दफेकीचे निम्मे काम होते. मराठी बोलणाऱ्याला तर याची गरज अधिकच आहे, कारण आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकार बहुधा त्याच्याही मागून येतो. ‘ही गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही’ यातला शेवटचा शब्द दम संपल्यामुळे गिळला गेला, तर ऐकणारा नेमके उलटे करील. रंगमंचावर असे शेवटचे शब्द पडले की प्रेक्षक तो प्रसंगच गमावतो, आणि आवाज कितीही मोठा असला तरी त्याची भरपाई होत नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रात पाठ्याची, म्हणजे रंगमंचावर बोलण्याची, तीन स्थाने सांगितली आहेत : जवळच्याशी बोलताना उर, थोड्या अंतरावरच्याशी कंठ आणि दूरच्याशी शिर. अंतर वाढले की आवाजाची जागा बदलायची, हा त्यातला विचार आहे. तोंड मिटून गुणगुणताना नाकाच्या मुळाशी आणि ओठांवर जी झिणझिण जाणवते, ती ज्याला बोलतानाही टिकवता येते, त्याचा शब्द बेताच्या आवाजातही शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. हे मी आता रोज अनुभवते.

उच्चाराबाबतही एक खंत आहे. वाचाशुद्धीच्या नावाने अनेक ठिकाणी माणसाला आधी त्याच्या बोलीची लाज वाटायला लावतात. ‘न’ आणि ‘ण’ यांवर तास खर्च होतात, पण जबडा आवळलेला, ओठ जेमतेम हलणारे आणि जोडाक्षरे अर्धवट सुटलेली, याकडे कुणाचे लक्ष जात नाही. बोलीत बोलणारा माणूस पूर्ण स्पष्ट असू शकतो. प्रमाण भाषेत पुटपुटणाराही मी पाहिला आहे.

शिक्षक घडवणाऱ्या संस्थांना आणि नाट्यशिबिरे घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, पहिला आठवडा कुणाच्याही हाती पाठ किंवा संहिता देऊ नये. तो श्वास, गुणगुणणे आणि वाक्य शेवटपर्यंत नेणे यांसाठी राखावा. तसेच ज्यांचा घसा तीन-चार आठवडे सुटलेला नाही, त्यांनी काढे आणि गुळण्यांवर वेळ न घालवता स्वरयंत्राची तपासणी करून घ्यावी. मी जवळजवळ वर्षभर उशीर केला होता.

आपली नम्र,
एक शिक्षिका व हौशी रंगकर्मी